आवळलेली पट्टी आणि न उघडणारी बोटं: कोपराजवळच्या एका फ्रॅक्चरचं प्रकरण

कुटुंबाची ओळख पटेल असा तपशील इथे ठेवलेला नाही. कोपराजवळ हाड मोडून आवळलेल्या पट्टीत आलेल्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका मुलाच्या प्रकरणात एकत्र मांडल्या आहेत.

मुलगा सहा वर्षांचा. आई-वडील बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीच्या हंगामासाठी पश्चिम महाराष्ट्रात आलेले. दुपारी चारच्या सुमारास तळावर उभ्या असलेल्या टायरगाडीवर चढताना त्याचा पाय सटकला आणि तो डाव्या तळहातावर पडला. आई-वडील फडात होते, कोपीवर फक्त आजी. दोघं परतले तेव्हा सात वाजून गेले होते. कोपर सुजून दुप्पट झालं होतं, मुलगा हात कुणाला लावू देत नव्हता. रात्री आठ वाजता जवळच्या गावातल्या हाडवैद्याकडे नेलं. त्यानं हात ओढला, कोपर पूर्ण दुमडलं, लेप लावला, बांबूच्या कामट्या ठेवल्या आणि दंडापासून मनगटापर्यंत कापडी पट्टी आवळून बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला १०८ च्या रुग्णवाहिकेतून मुलगा आमच्या रुग्णालयात पोचला. म्हणजे पडल्यापासून साडेअठरा तास झाले होते आणि पट्टी बांधून साडेचौदा.

रात्रीचं वर्णन आजीनं केलं. "रातभर वरडलं ओ लेकरू. पहाटं गप पडलं, मला वाटलं उतार पडला."

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निदान त्या एका वाक्यात आहे, आणि ते आजीला कळणं शक्य नव्हतं. हाड मोडल्यावर नीट आधार दिला की दुखणं कमी व्हायला हवं. इथे पट्टी बांधल्यावर ते वाढत गेलं आणि मध्यरात्रीनंतर असह्य झालं. पहाटे मुलगा शांत झाला तो आराम पडला म्हणून नव्हे. रक्ताविना राहिलेल्या संवेदनेच्या नसा बधिर होऊ लागतात, तसं दुखणं जाणवेनासं होतं. अशा हाताची शांतता ही रडण्यापेक्षा जास्त घाबरण्याची गोष्ट आहे.

तळावरच्याच एका बाईनं सकाळी मुलाची बोटं पाहिली. निळसर, फुगलेली, तळव्याकडे वळलेली. १०८ ला फोन तिनंच लावायला सांगितला. तिच्या बहिणीच्या मुलाचा हात असाच वाकडा राहिला होता, एवढंच तिला ठाऊक होतं.

तपासणी

एक्स-रेच्या आधी पट्टी काढायची, यात चर्चेला जागा नसते. कापड, कामट्या, वाळून कडक झालेला लेप, खालचा कापूस असं सगळं कातडीपर्यंत सरळ रेषेत कापलं. अर्धवट सैल करून भागत नाही. रक्तानं भिजून वाळलेली आतली एक पट्टीसुद्धा दोरीसारखी आवळून धरते. मग दुमडलेलं कोपर हलकेच उघडून तीस-चाळीस अंशांवर आणलं आणि मागून मऊ स्लॅबचा, म्हणजे एकाच बाजूच्या अर्ध्या प्लास्टरचा, आधार दिला. सुजलेलं कोपर नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडलं की पुढून जाणारी धमनी तिथेच दाबली जाते.

पाच मिनिटांत हाताचा रंग थोडा बदलला. निळसर पांढरा होता, तो फिका गुलाबी झाला. पण मनगटावर नाडी लागली नाही, रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्रावरही आवाज आला नाही. नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला चार सेकंदांहून जास्त लागत होते. हाताच्या पुढच्या बाजूला मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू लाकडासारखे घट्ट झाले होते. कातडीवर पाण्याचे फोड होते आणि कोपराच्या पुढे, जरा आतल्या बाजूला, एक खळी पडून भोवती काळंनिळं झालं होतं. दंडाच्या मोडलेल्या हाडाचं टोक पुढचा स्नायू भेदून कातडीखाली आलं की अशी खळी दिसते.

आतापर्यंत मुलगा गप्प पडून होता. मी त्याचं मधलं बोट अगदी थोडं सरळ केलं आणि तो किंचाळला. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे लिहायला विचित्र वाटतं, पण ते खरं आहे. ताणल्यावर दुखतंय म्हणजे काहीतरी अजून जिवंत आहे. अंगठा वर करून दाखव म्हटल्यावर त्यानं अडखळत दाखवला, म्हणजे अंगठा वर उचलणारी नस, रेडियल नर्व्ह, चालू होती. अंगठा आणि तर्जनीचं टोक जुळवून गोल करायला सांगितलं, ते मात्र जमलं नाही. दोन्ही पेरं सरळ राहून बोटं नुसती चपटी चिकटली. मीडियन नर्व्ह या हाताच्या मधून जाणाऱ्या नसेची जी शाखा अंगठ्याचं आणि तर्जनीचं शेवटचं पेर वाकवते, ती बंद पडली होती. मुलांमध्ये नसा तपासायच्या तर दगड, कागद, कात्री आणि शेवटी गोल हा खेळ पुरतो. पण तो शस्त्रक्रियेआधी खेळून निकाल कागदावर लिहिलेला हवा, नाहीतर नस आधीच गेली होती की हाड धरून ठेवायला घातलेल्या तारांनी गेली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडाचं खालचं टोक पूर्ण सुटून मागे आणि बाहेरच्या बाजूला सरकलेलं दिसलं. गार्टलंड या अस्थितज्ज्ञानं १९५९ साली केलेल्या वर्गवारीतला हा तिसरा प्रकार: तुकडे एकमेकांपासून पूर्ण वेगळे. खालचा तुकडा बाहेर सरकला की वरच्या तुकड्याचं टोकदार काठ पुढे आणि आत येतं, आणि नेमकी तिथूनच दंडाची मुख्य धमनी आणि मीडियन नर्व्ह शेजारी शेजारी जातात. तो आत सरकला असता तर रेडियल नर्व्ह धोक्यात आली असती.

मुलांच्या कोपराजवळच्या मोडींमध्ये ही सगळ्यात जास्त दिसते, आणि पाच ते सात हे तिचं नेहमीचं वय. कोपराच्या सांध्याच्या अगदी वर, पुढच्या आणि मागच्या खाचांमध्ये, दंडाचं हाड पापुद्र्याइतकं पातळ असतं. या वयात सांधे लवचिक असल्यामुळे पडताना कोपर उलट्या बाजूला ताणलं जातं आणि सगळा जोर त्या पातळ जागेवर येतो.

शस्त्रक्रिया

वडिलांना मी एकच गोष्ट नीट सांगितली. "हाड आम्ही तासाभरात बसवू, ते जुळूनही येईल. काळजी हाताच्या मांसाची आहे. ते किती वाचलंय, ते उघडल्यावरच कळेल." त्यांनी विचारलं, हात कापायचा का? नाही, म्हटलं, हात वाचवण्यासाठी कातडी आणि खालचं आवरण उघडायचंय. उघडायचं आणि कापायचं यांतला फरक त्यांना दोनदा समजावला, कारण त्या भीतीनं लोक रुग्णालयातून उठून जातात.

भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल दिली. हात बधिर करणारा ब्लॉक मुद्दाम टाळला. पुढचे दोन दिवस दुखणं हीच आमची पाहणी होती, ती औषधानं झाकून चालणार नव्हतं.

आधी हाड. पुढच्या स्नायूत अडकलेलं टोक दंडावरून हलक्या हातानं दाबत मागे सोडवलं, मग ओढ देऊन, बाजूचा सरकलेपणा दुरुस्त करून, कोपर दुमडत तुकडा जागेवर आणला. सी-आर्म या थेट एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली पाहून बाहेरच्या बाजूनं तीन के-वायर, म्हणजे पोलादी तारा, एकमेकींपासून फाकवून घातल्या. आतल्या बाजूनं तार घातली तर पकड जास्त मजबूत होते, पण तिथे अल्नर नर्व्ह ही तिसरी नस हाडाला चिकटून असते आणि एवढ्या सुजेत ती बोटाला लागत नाही. एक नस आधीच बंद असताना दुसरी पणाला लावण्यात अर्थ नव्हता.

हाड बसल्यावर बऱ्याच मुलांची नाडी आपोआप परत येते. हात गुलाबी आणि ऊबदार असेल तर नाडी लागली नाही तरी थांबून पाहता येतं, आजूबाजूच्या छोट्या वाहिन्या हात सांभाळतात. इथे हात थंडच राहिला, त्यामुळे कोपराच्या पुढून उघडलं. धमनी फाटलेली नव्हती. मोडीच्या जागी आवरणात अडकून पिळली होती आणि आकसली होती. मीडियन नर्व्ह काळीनिळी, पण सलग होती. धमनी मोकळी केली, कोमट सलाइन आणि वाहिनी सैलावणारं औषध तिच्यावर सोडलं आणि वाट पाहिली. मनगटावर नाडी उमटली.

रक्त परत आलं की काम संपलं असं वाटणं इथे घातक ठरतं. तासन्‌तास उपाशी राहिलेल्या स्नायूत रक्त शिरल्यावर तो आणखी सुजतो. हाताचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणाच्या कप्प्यांत असतात. कप्प्यातला दाब वाढला की आधी बारीक केशवाहिन्या बंद होतात, मुख्य धमनी बऱ्याच उशिरा. म्हणून या अवस्थेत, म्हणजे कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, नाडी लागते यावर निर्धास्त राहता येत नाही. नाडी जाईपर्यंत थांबलो तर स्नायू गेलेला असतो. शस्त्रक्रियेआधीचा खालचा रक्तदाब ६० होता, पुढच्या कप्प्यात दाब निघाला ४६. दोन्हींमधलं अंतर ३० पेक्षा कमी असेल तर कप्पा उघडतात, इथे ते १४ होतं. आकडा नोंदीसाठी घेतला. घट्ट झालेला हात आणि बोट ताणल्यावरची ती किंकाळी यांनी निर्णय आधीच केला होता.

कोपरापासून तळहातापर्यंत पुढचा कप्पा उघडला, मनगटावर मीडियन नर्व्ह जाते तो बोगदाही सोडवला. वरच्या थरातले स्नायू फिके होते, पण विजेच्या टोकाचा स्पर्श होताच आकुंचन पावले. खालचा थर, म्हणजे बोटांची शेवटची पेरं वाकवणारा स्नायू, हाडाला सगळ्यात जवळ आणि रक्तपुरवठ्याच्या दृष्टीनं सगळ्यात लांब असतो. त्याचा मधला भाग काळसर होता, हलत नव्हता. पहिल्या फेरीत आम्ही तो कापला नाही. मुलांच्या स्नायूंत सावरण्याची ताकद असते आणि पहिल्या दिवशी मेलेला वाटणारा तंतू तिसऱ्या दिवशी कधीकधी रक्त दाखवतो. जखम उघडीच ठेवून ओलसर ड्रेसिंग केलं. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा पाहिलं तेव्हा मधल्या आणि अनामिकेच्या बोटाकडे जाणाऱ्या स्नायूचा एक पट्टा नक्की मेलेला होता, तेवढाच काढला. सहाव्या दिवशी मांडीची पातळ कातडी घेऊन जखम झाकली.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं करायला रेशन कार्ड हवं होतं आणि ते गावाकडे राहिलं होतं. उपचार त्यासाठी थांबवले नाहीत. पण स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी कार्डाचा फोटो तरी फोनमध्ये ठेवावा, ही विनंती मी प्रत्येक हंगामात करतो.

दोष कुणाचा

असं प्रकरण ऐकल्यावर ऐकणारा पहिला शब्द काढतो तो हाडवैद्याचा, आणि मला तिथेच थांबणं मान्य नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि एका दिवसाचा खाडा पडला की तो फिटेपर्यंत डोक्यावर राहतो. रात्री आठ वाजता अनोळखी मुलखात, एक्स-रे आणि अस्थितज्ज्ञ दोन्ही मिळतील असं ठिकाण त्यांना कुणी दाखवलेलं नव्हतं. हाडवैद्य मात्र दाखवला होता. त्या घरानं जे समोर होतं ते केलं.

शिवाय आवळणं हा फक्त हाडवैद्यांचा दोष नाही. पहिल्याच दिवशी, सूज चढत असताना, चारी बाजूंनी पक्कं गोल प्लास्टर घालून मुलाला घरी पाठवलं तर अगदी हाच हात तयार होतो, आणि असे हात मी डिग्री असलेल्यांच्या प्लास्टरखालीही पाहिले आहेत. ताज्या मोडीला मागून स्लॅब द्यावा, कोपर फार दुमडू नये, हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि पहिला दिवस दर तासाला बोटं पाहावीत. मूल बेचैन होत चाललंय, घाबरलंय, दुखण्याचं औषध पुन्हा पुन्हा मागतंय, या तीन गोष्टी मुलांमध्ये कुठल्याही यंत्राच्या आधी बोलतात. रात्री फोनवर "प्लास्टर आहे म्हणून दुखतंय, सकाळी या" असं उत्तर देणाऱ्यानं आधी बोट सरळ करून बघायला सांगितलं पाहिजे.

तो हाडवैद्य नंतर आमच्याकडे आला, आम्हीच बोलावलं होतं. वयस्क माणूस, त्याचे वडीलही हेच करायचे. हाड हलू नये म्हणून जितकं घट्ट तितकं चांगलं, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. मुलाची बोटं त्यानं बराच वेळ हातात धरून पाहिली. त्यानंतर लहान मुलांची कोपरं तो आमच्याकडे पाठवतो. मनगटं अजून स्वतःच बांधतो, त्याबद्दल आमचं एकमत झालेलं नाही.

इथे गुडघ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण याच पट्ट्यात हंगामात रात्री बिनदिव्याच्या ऊस ट्रॉलीवर आदळलेले मोटारसायकलस्वार येतात. गुडघ्यामागची धमनी वर आणि खाली दोन ठिकाणी जखडलेली असते. सांधा निखळला किंवा नडगीचं वरचं टोक चिरडलं की ती मधे ताणली जाते. निखळलेला गुडघा रस्त्यातच जागेवर बसतो, एक्स-रे जवळजवळ साधा दिसतो आणि पाय मात्र आतून मरत असतो. म्हणून घोट्याचा रक्तदाब हाताच्या दाबाशी ताडून पाहतात. गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तवाहिन्या दाखवणारी सीटी अँजिओग्राफी करतात, आणि पाय थंडगार, बिननाडीचा असेल तर तेवढ्यासाठीही न थांबता शस्त्रक्रियेला नेतात. सहा-आठ तासांत रक्त सुरू झालं नाही तर पाय वाचण्याची शक्यता झपाट्यानं घटते. नडगीच्या वरच्या टोकाच्या चिरडलेल्या मोडीतही प्लेट लावायची घाई करायची नसते. गुडघ्यावरून बाहेरची सळई लावून पाय स्थिर करायचा, पोटरी घट्ट होतेय का ते पाहत राहायचं आणि कातडीवर सुरकुत्या परत दिसेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबायचं. सुजलेल्या कातडीतून घातलेली प्लेट पुढे उघडी पडते, पू होतो आणि गुडघा कायमचा आखडतो. "अजून ऑपरेशन का करत नाहीत?" म्हणून चिडलेल्या नातेवाइकांशी रोज बोलावं लागतं, ते बोलणं उपचाराचाच भाग आहे.

पुढची तीन वर्षं

चौथ्या आठवड्यात तारा काढल्या. हाड चांगलं जुळलं होतं, कोपराचा कोन उजव्या हाताइतकाच होता. या मोडीत हाड आतल्या बाजूला कलून जुळलं तर कोपर कायम वाकडं दिसतं. तो बाक वाढीबरोबर सरळ होत नाही, कारण दंडाच्या लांबीतली फक्त पाचवा हिस्सा वाढ कोपराकडच्या टोकाला होते. नंतर हाड कापून तो दुरुस्त करावा लागतो. तेवढं या मुलाच्या बाबतीत टळलं.

कोपर आखडलेलं होतं आणि आजीनं तेलाची वाटी आणलीच. चोळणं आणि ताकद लावून वाकवणं या दोन्हींना सक्त मनाई केली. दुखावलेल्या स्नायूला चोळलं तर त्यात हाड तयार होतं आणि सांधा आणखी बंद पडतो. मुलांचं कोपर खेळता खेळता मोकळं होतं. "आजी, तेल लावायचंच असेल तर डोक्याला लावा," असं सांगितल्यावर त्यांनी ते मान्य केलं.

बोटांची गोष्ट वेगळी होती. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये आवळलेल्या पट्टीनंतर आखडणाऱ्या हाताचं वर्णन केलं, त्याच्याच नावानं ही अवस्था ओळखली जाते. मेलेल्या स्नायूच्या जागी आखूड, न ताणणारा दोर तयार होतो. मनगट खाली वाकवलं की बोटं उघडतात, मनगट वर उचललं की बोटं मिटतात. या मुलाच्या मधल्या आणि अनामिका बोटांत हे दिसू लागलं. दिवसा व्यायाम आणि रात्री बोटं सरळ धरणारी प्लास्टिकची पट्टी सुरू केली. तिसऱ्या महिन्यात त्यानं अंगठा-तर्जनीचा गोल करून दाखवला. नस परत आली होती.

एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, आणि कुटुंब गावी गेलं. आम्हाला वाटणारी सगळ्यात मोठी अडचण हीच होती. हात वाढतो, पट्टी वाढत नाही. पावसाळ्यात ती लहान झाली, मग वापरणं सुटलं. नोव्हेंबरात कुटुंब परत आलं तेव्हा ती दोन बोटं तळव्याकडे जास्तच वळली होती, करंगळीही थोडी ओढली जात होती. जानेवारीत वाकवणाऱ्या स्नायूंचं मूळ हाडापासून सोडवून सगळा गट मनगटाकडे सरकवला. ब्रिटिश सर्जन मॅक्स पेजनं १९२३ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया थोडी ताकद घेते आणि बरीच लांबी देते. वडिलांनी तेव्हा मुकादमाकडून दहा दिवस मागून घेतले. ते कसे मिळाले, हे त्यांनी सांगितलं नाही.

आता मूल नऊ वर्षांचं आहे आणि हंगामात आजीबरोबर गावीच राहतं, शाळेत जातं. कोपर पूर्ण सरळ व्हायला पाच अंश कमी पडतात. मनगट सरळ ठेवून चारही बोटं उघडतात. मनगट वर उचललं तर मधलं बोट अजून थोडं वळतं. डाव्या मुठीची ताकद उजवीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, हात एक सेंटिमीटरनं आखूड. डब्याचं झाकण तो डाव्या हातानं धरतो आणि उजव्यानं उघडतो. वाढ थांबेपर्यंत रात्रीची पट्टी चालू राहील, दर सहा महिन्यांनी नवी. पहिली हंगामाच्या सुरुवातीला आम्ही देतो, दुसरी जिल्ह्याच्या ठिकाणी करून घ्यायची व्यवस्था लावली आहे. अंगठ्याच्या चिमटीत ताकद कमी पडू लागली तर मनगटाजवळचा एक चांगला स्नायू तिकडे वळवता येईल. त्याचा विचार तो बारा वर्षांचा झाल्यावर करायचं ठरलं आहे.